चित्राच्या नावाआड

४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ असा विषय असलेला ईमेल जगभर पसरू लागला. सोबतची फाइल प्रेमपत्र वाटे; प्रत्यक्षात तो स्वतःच्या प्रती संगणकातल्या सगळ्या पत्त्यांवर धाडणारा प्रोग्राम, म्हणजे वर्म होता. एवढे नोंदलेले आहे. पुढचे एका छायाचित्र-संग्रहातल्या चौघांच्या आठवणींतून जुळवले आहे.

संग्रहातल्या जुन्या काचेच्या निगेटिव्हवरचा थर पापुद्र्यासारखा सुटत चालला होता. एकदा स्कॅन झालेली काच बहुधा पुन्हा हाताळण्याजोगी उरत नसे. स्कॅनिंगचे आणि संगणक सांभाळण्याचे काम तिथल्या ताईंकडे होते. दर शनिवारी त्या सगळी चित्रे एका सुट्या हार्डडिस्कवर उतरवत, ती मऊ कापडात गुंडाळत आणि कपाटाला कुलूप लावत. हिशेबनीस हमखास विचारत, “निजलं का बाळ?” ताई म्हणत, “निजलंय. तुम्ही बोलू नका, उठेल.”

त्या गुरुवारी सकाळी याच हिशेबनिसांच्या नावाने सर्वांना प्रेमाचा ईमेल आला. मागितलेली पेन्सिलही ते कुरकुरल्याशिवाय देत नसत. मुद्रितशोधक काकांचे मत पडले की या माणसाला पाझर फुटला असताना पत्र न उघडणे शोभणार नाही. त्यांनी ते उघडले. वर्म सामायिक फोल्डरमध्ये शिरला, तिथली चित्रे पुसली आणि प्रत्येक चित्राच्या नावाआड स्वतःची प्रत ठेवून मोकळा झाला.

ताईंनी आधी नेटवर्कच्या वायरी उपटल्या, मग सर्वांना संगणकापासून उठवले. प्रत्येक यंत्रावर चालू असलेला वर्म थांबवायचा, संगणक सुरू होताच त्याला जागे करणारी नोंद काढायची, त्याच्या प्रती पुसायच्या आणि बाहेरून फ्लॉपीवर आणलेल्या ताज्या अँटिव्हायरसने पुन्हा तपासायचे, असा क्रम त्यांनी धरला. हिशेबनीस दाराशी खुर्ची टाकून बसले आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला आपले कुणावरही प्रेम नसल्याचे सांगत राहिले.

दुपारी संचालकांच्या संगणकावरच्या प्रती पुसणे तेवढे बाकी होते. ताई पाणी प्यायला गेल्या. पडद्यावर साहेबांना आपल्या आवडत्या चित्राचे नाव दिसले: पूल बांधणाऱ्या मजुरांचे. चित्रांच्या माणसाला नाव पुरेसे असते. शेजारची खूण चित्राची नव्हती, तिकडे त्यांचे लक्ष गेले नाही. वाचले असेल या आशेने त्यांनी ते उघडले, आणि वर्म पुन्हा उठला.

ताई परतल्या तेव्हा साहेब कपाटापाशी उभे होते. डिस्क जोडा, निदान चित्रे शाबूत आहेत एवढे तरी कळू दे, असे ते म्हणाले. काकांच्या आठवणीत ते ओरडले. हिशेबनिसांच्या मते त्यांचा आवाज रडवेला होता. ताईंनी किल्ली मुठीत धरली.

“साहेब, हे बाळ एकुलतं एक आहे. घरातलं शेवटचं दुखणं बरं होईस्तोवर ते बाहेर येणार नाही.”

“आणि मी हुकूम दिला तर?”

“मग किल्ली तुमच्या हातात देते. पण डिस्क तुमच्या संगणकाला जोडली, तर तिच्यावरचीही जातील. मागायला मग कुठलं कपाट उरणार नाही.”

साहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. ताईंनी पहिल्या यंत्रापासून सगळे पुन्हा तपासले. दुसऱ्या दिवशी डिस्क जोडली आणि पूल बांधणारे मजूर पडद्यावर आले. हिशेबनिसांनी उठून ताईंना आपली पेन्सिल दिली. ती त्यांच्या टेबलावर आजही आहे; ताई ती कुणाला वापरू देत नाहीत.

संग्रहात आज पाहुण्यांना दाखवली जाणारी जुनी चित्रे त्याच डिस्कवरून आलेली आहेत. सोमवार ते बुधवार स्कॅन केलेली मात्र तिच्यावर नव्हती. त्यांतल्या काही काचा आता पूर्ण कोऱ्या आहेत. त्यांवर कोणाचे चेहरे होते, ते कळलेले नाही.