आक्कांचा भाता

पेटी शिकायला आलेल्या नव्या माणसाला इंदूआक्का पहिला आठवडाभर एकच पट्टी द्यायच्या. उजव्या हाताचं बोट त्या 'सा'वर ठेवायचं आणि डाव्या हातानं नुसता भाता हलवायचा. कुणी कंटाळून दुसऱ्या पट्टीकडे सरकलंच, तर आक्कांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा : "पट्टी दाबली की पेटी वाजतीच की! त्यात तुझं काय? गाणं भात्यात असतंय."

त्यांची आणि आमची भिंतीला भिंत. मला मॉड्युलर सिंथेसायझरचं वेड लागलं होतं. सुट्या सुट्या डब्या वायरींनी जोडून आवाज घडवायचा, असं ते वाद्य. सगळे नवशिके करतात तेच मीही केलं. आवाज काढणाऱ्या डब्या, म्हणजे ऑसिलेटर, तेवढे घेऊन ठेवले. स्पीकरला जोडले की ते बटण बंद करेपर्यंत एका सुरात कोकलायचे. मग भिंतीपलीकडून यायचं, "आगं, त्या म्हशीला पाणी दाव की! सकाळधरनं वरडायलीया!"

मग आक्कांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ तर आधीपेक्षा तिखट झाली. पण डावा हात मांडीवर पडला तो पडलाच. बोटं तेवढी जराशी हलायची. शिकणारे यायचे थांबले. पेटीवर चादर पडली. व्यायामासाठी दिलेला स्पंजचा चेंडू त्यांनी गल्लीतल्या कुत्र्याकडे भिरकावला. "दाबून त्यातनं सूर निघतोय व्हय?" म्हणाल्या. त्या चादरीकडे बघवत नसे मला.

दुपारी त्या माझ्याकडे येऊन बसू लागल्या. एकदा माझी म्हैस बराच वेळ ऐकून म्हणाल्या, "ह्याला भाता कुठं हाय?"

माझ्याकडे व्हीसीए नावाची एक डबी धूळ खात पडली होती. व्होल्टेजच्या इशाऱ्यावर चालणारा अॅम्प्लिफायर. स्वतः आवाज करत नाही, म्हणून मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मी आक्कांना समजावू लागले : आवाज एका वायरीनं आत येतो; किती बाहेर सोडायचा, ते दुसऱ्या वायरीतला व्होल्टेज ठरवतो. शून्य असला तर चिडीचूप, वाढेल तसा आवाज मोठा.

"मग भाताच की ह्यो!" आक्का म्हणाल्या, आणि वाचून न कळलेलं मला बोलता बोलता कळलं.

आधी मी व्होल्टेज आपोआप चढेल-उतरेल अशी जोडणी केली. आक्कांनी त्याला जोडलेल्या छोट्या कीबोर्डवर उजव्या हातानं दोन ओळी वाजवल्या आणि नाक मुरडलं. "समद्या सुरांस्नी एकाच मापाचं झबलं शिवलंयस. माझा हात कुठं हाय ह्यात?"

मग दाबाप्रमाणे व्होल्टेज बदलणारी रबरी पट्टी आणून त्यांच्या डाव्या बोटांखाली ठेवली. त्यांनी दाबली. काहीच नाही. ओठ घट्ट मिटून पुन्हा दाबली. धडधाकट बोटाच्या हिशेबानं मी जोडणी केली होती. घाईघाईनं खुंटी फिरवून व्हीसीए थोड्याशा दाबालाही उघडेल असा केला. या वेळी 'सा' हळूच उमलला, मोठा झाला, बोट सैल पडताच विरून गेला. आक्का दुपारभर तेवढा एकच सूर वाजवत बसल्या. रडू मला आलं, त्यांना नाही.

काही दिवसांनी त्याच म्हणाल्या, "पोरी, ती खुंटी जरा माघारी फिरीव. फुकटचा सूर नगं." मग दर थोड्या दिवसांनी मी खुंटी मागे घ्यायची आणि आक्कांना जास्त जोर लावावा लागायचा. घाम यायचा, मला शिव्या बसायच्या. चेंडूला न जमलेलं काम त्या शिव्यांनी केलं.

एका सकाळी भिंतीपलीकडून सूर आला. माझं यंत्र तर बंद होतं. धावत गेले. चादर बाजूला पडलेली, आक्कांचा डावा हात भात्यावर. मला बघून म्हणाल्या, "तुझा डबा आता ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. माझा भाता गावला मला."

आक्का गेल्या वर्षी गेल्या. माझ्याकडे कुणी सिंथ शिकायला आलं, की मी आधी एक ऑसिलेटर आणि एक व्हीसीए देते आणि एकाच सुरावर बसवते. आक्का मात्र आठवतात त्या गल्लीतल्या भजनात, झटक्यानंतर पहिल्यांदा पेटीवर बसलेल्या. भाता अडखळत होता, सूर मधेच दम खात होता. टाळकऱ्यांनी एकमेकांकडे बघून गुपचूप लय उतरवली. आक्कांच्या ते लगेच ध्यानात आलं. हात न थांबवता त्या ओरडल्या :

"आरं, रेंगाळताय कशाला? पळा की तुमी! मी येतो मागनं."