वासूची तरंगती कळशी

वासू गेल्याचं त्याच्या मुलाचं पत्र आलं, त्याला आता दीड महिना होईल. वाईट वाटतं, खूप वाटतं. पण त्याला आठवायला बसलं की आधी हसूच येतं. त्याला इलाज नाही.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला कट्टा गावाजवळच्या लहानशा पाणी केंद्रात वासू ओव्हरसियर होता आणि मी पाणी तपासणारा. गाळणीच्या टाकीतून पाणी जोरात सुटलं की वाळूतून गाळही पार होई आणि लोकांच्या घरी गढूळ पाणी जाई. वेग आवरणारं परदेशी यंत्र खाऱ्या हवेनं गंजलेलं. वासूनं बांबूच्या चौकटीला सोडणासकट, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीसकट, चार सुके नारळ बांधले, मधे नळी बसवली आणि नळीला पाण्याखाली वीतभर खोलीवर भोकं पाडली. पातळी वर जावो की खाली, चौकट तिच्याबरोबर तरंगणार, भोकं तेवढीच खोल राहणार आणि पाणी एकाच वेगानं निघणार. रत्नागिरीचे साहेब म्हणाले, "आठ दिवस बघू. नाहीतर ही जत्रा बंद." वासूची सगळी पत त्या नारळांवर होती.

आठव्या दिवशी सकाळी वासू आणि मी पोचलो, तर चौकट तळाशी आणि राखणदार सखाराम दोघा कामगारांना खोबरं वाटतोय!

"सखाराम, नारळ खंय रे?" वासूनं विचारलं.

"फोडलंय मां! साहेब येतले म्हणान गाऱ्हाणा घातलंय... बा देवा महाराजा, वासूसायबाच्या यंत्राक यश दी रे महाराजा!"

बाकीचे दोघे सवयीनं ओरडले, "व्हय महाराजा!"

मी कपाळावर हात मारला. वासूनं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि सायकल काढली. परतला तो तांब्याची कळशी घेऊन. पाठोपाठ धापा टाकत त्याची बायको, सुमतीवहिनी.

"माज्या आवशीची कळशी ती!" आईची कळशी जाताना बघून त्या ओरडल्या.

"लोकांक बरा पाणी मेळात गो."

वहिनींनी पदरानं कळशी पुसली. मग म्हणाल्या, "मगे तोंड तरी नीट बंद करा."

वासूनं तोंडावर पत्रा ठेवून कथील वितळवून पक्का डाग दिला आणि कळशी चौकटीला बांधली. दुपारी साहेब आले, घड्याळ लावून बादल्या भरून पाहिल्या. प्रत्येक बादली तेवढ्याच वेळात भरली. "नारळांचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "देवाक पावले," वासू म्हणाला. साहेबसुद्धा हसले आणि कळशी पुढे कित्येक वर्षं तिथेच तरंगली.

परवा वहिनींना भेटलो. नवं यंत्र आल्यावर घरी आलेली कळशी फडताळात होती. डाग काढून वापरा की आता, म्हटलं. त्यांनी ती माझ्या कानाशी धरून हलवली.

"आयकलात? इतकी वर्सां पाण्यात, पण एक थेंब आत गेलो नाय. तेंचा काम ता. मी कशी उघडू?"

आत खरंच काही वाजलं नाही. मला मात्र तेव्हा रडू आवरलं नाही.