मशीनचं दार उघडण्याआधी

वर्कशॉपमधला लोखंडाचा बुरा रोज झाडला तरी रोज साठतो. किश्श्यांचंही तसंच! फरक एवढाच, की बुरा भंगारवाला उचलून नेतो, किस्से मात्र मलाच घरी न्यावे लागतात.

मी मूळची रहिमतपूरची. पलूसजवळ काही छोट्या कारखानदारांनी मिळून एक वर्कशॉप काढलंय, तिथली मी इनचार्ज. काँप्युटरवर प्रोग्रॅम टाकला की आपोआप लोखंड कापणारी सीएनसी मशीन, प्रत्येकानं नंबर लावून वापरायची. माझा हट्ट एकच. सकाळी दहा बोटं घेऊन आलेल्यानं संध्याकाळी दहाच्या दहा घरी न्यावीत. पण ऐकतंय कोण!

*

उद्घाटनाला एक पुढारी आले. मशीन चालू होती. त्यावरचं ठसठशीत लाल बटण बघून त्यांना वाटलं, हेच आपलं. दाबलं! मशीन गपगार, आणि मंडळी टाळ्या वाजवतायत.

मी हळूच म्हटलं, "साहेब, ते इमर्जन्सीचं बटण. तुम्ही मशीन बंद केलीत."

साहेब जराही डगमगले नाहीत. "असू द्या. चालू करायला पुन्हा येऊ की!"

जाताना जेवणाचं काय, तेही विचारून गेले.

*

आण्णा आमचे सगळ्यात ज्येष्ठ मेंबर. द्राक्षबाग सांभाळून पंपाचे पार्ट बनवतात. माझं 'हात सांभाळा, हात सांभाळा' ऐकून त्यांनी एकदा सगळ्यांसाठी जाडजूड हातमोजे आणले. मी ते मशीनपाशी घालूच दिले नाहीत. फिरत्या जॉबनं, म्हणजे कापायला लावलेल्या लोखंडानं, हातमोज्याचं टोक धरलं, की मागोमाग हातही आत जातो.

आण्णा भडकले. "काल म्हणालीस हात सांभाळा, आज म्हणतीस हातमोजे काढा. पोरी, आमच्या हातांशी तुझं वैर तरी काय हाय?"

ते हातमोजे आता आण्णांच्या घरी लिंबं तोडायला वापरतात.

*

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. हौसेनं कुणीतरी आतल्या चकलाही झेंडूचा हार घातला. चक म्हणजे जॉब घट्ट धरून गरगर फिरवणारा भाग. दसरा झाला, आणि आमच्या बजरंगनं आत न बघताच स्टार्ट दाबलं!

दाराची काच क्षणात पिवळीधमक. दार बंद होतं म्हणून फुलांवरच निभावलं.

"ताई, देव पावला म्हणायचं का?" बजरंगनं हात जोडून विचारलं.

"पावला रे बाबा. पण मशीनच्या पाण्याचा पाइप चोकअप झाला!"

दोन दिवस मी जाळीतून झेंडू उपसत होते.

*

हा बजरंग जतकडचा. वडील अजून मेंढरं राखतात, ह्यानं कर्ज काढून धंदा मांडलाय. कामाला वाघ, पण धीर म्हणून नाही! दार उघडं असलं की मशीन चालत नाही, अशी सोय असते. दाराला एक किल्ली असते, ती खाचेत बसली की मशीन समजते, दार लागलं. पठ्ठ्यानं तसलीच दुसरी किल्ली पैदा करून खाचेत अडकवली, आणि चक फिरत असतानाच आत हात घालून जॉब मोजायला लागला.

मी धावत जाऊन लाल बटण दाबलं. "अरे, हे काय चाललंय?"

"ताई, मशीनला फसवलंय. तुमाला न्हाई!"

मी किल्ली काढून घेतली. आठवड्यात नवीन आली.

*

वर त्याच्या मनगटाला काळ्या दोऱ्याचे वेढ्यावर वेढे. मशीनवर हातात काही नको, म्हणून मी रोज ओरडायची. त्याचं एकच, "आयेनं बांधलाय. आयेबिगार सुटायचा न्हाई."

मग मी आयेलाच बोलावलं. म्हातारी एसटीनं आली. मी जॉब लावला, दार बंद केलं. काचेला नाक लावून तिनं पोलाद सोलवटताना बघितलं.

"ह्येच्यात हात घालतो व्हय ह्यो?"

"घालतो. थांबायच्या आधीच."

तिनं आधी बजरंगच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग त्याचं मनगट धरलं आणि दातांनी दोरा तोडला. बजरंगचा चेहरा पडला. ती मात्र मशीनपाशी गेली आणि दाराची मूठ शेजारच्या कडीला त्याच दोऱ्यानं करकचून बांधली.

"इतकी वर्सं चुकीच्या गड्याला बांधला व्हता की! आता ही गाठ मला इचारल्याबिगार सोडायची न्हाई."

आण्णांनी लगेच मशीनला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी बघते तर जॉब कापून मशीन थांबलेली, दाराला दोरा तसाच, आणि बजरंग दारासमोर मोबाईल कानाला लावून शाळेतल्या पोरासारखा उभा.

"आये, थांबलीया. सोडू का गाठ?"

पलीकडून आवाज आला, तो पार माझ्या टेबलापर्यंत.

"तुझा इस्वास न्हाई. व्हिडिओ लाव, मशीन दाव!"