बांधीचं क्षेत्रफळ

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाई — बायकोलेही नाई. तुम्हाले सांगतो.

मी गोंडपिपरीकडचा गणिताचा मास्तर. सहा-सात वर्षांपूर्वी आम्ही काही मास्तर मिळून संगणकावर मराठीत भूमितीचं पुस्तक लिहून राह्यलो होतो. सगळ्यांसाठी खुलं. ज्याले चूक दिसली त्यानं दुरुस्त करावी, अन् खाली लिहावं — कोणी बदललं, काऊन बदललं. जुनं पान पुसलं जात नाई, मागं तसंच राहते.

त्यात एक पाठ माझा — धानाच्या बांधीचं, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याचं, क्षेत्रफळ. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा, दोन्ही सरासऱ्या गुणा, झालं! आमच्याकडं सारे असंच मोजतात. माझा बाप असाच मोजे. ते चूक असन, हे मनात तरी कसं यावं?

नागभीडच्या कुसुमबाईनं, म्हणजे तिथल्या शिक्षिकेनं, ते पान बदललं. खाली लिहिलं, "भाऊ, खाट वाकडी झाली का बाजू तेवढ्याच राहतात, पण जागा कमी होते. बांधीचे कोपरे काटकोनी नसन तं तुमचं उत्तर जास्त येते."

वाचलं अन् — काय सांगू — तिथंच समजलं, बाई बरोबर आहे. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मले शिकवते?

मी माझं जुनं पान परत बसवलं. कारण लिहिलं, "शुद्धलेखन दुरुस्ती." लोकांले वाटावं, बाईची भाषाच गावंढळ. अन् मी घरी काय वेगळं बोलतो? थू माझ्या जिनगानीवर!

बाई भांडली नाई. पुस्तकात लिहिणंच सोडलं तिनं. इकडं मी पोरायले तेच चुकीचं शिकवत राह्यलो, माहीत असून.

यंदा उन्हाळ्यात राहवलं नाई. बाईचं पान परत आणलं. पण कारण? "चुकीनं काढलं होतं." तिथंही जीभ वळली नाई पाहा.

आठ दिवसांत बाईचा नवा पाठ आला! वाकड्यातिकड्या तळ्याचं क्षेत्रफळ. इतका सुंदर, का मी दोनदा वाचला, अन् खरंच जीव सुखावला. खाली एक ओळ होती, "भाऊ, चूक कोणाचीही होते."

आज त्या ओळीखाली लिहून राह्यलो — चूक नव्हती, बाई. मी जाणूनबुजून काढलं होतं.