तात्यांचा चांगला पाय

कळसच्या सावळाराम तात्यांची नडगी मोटारसायकलवरून पडून मोडली आणि गावाला एक डॉक्टर फुकटात मिळाला. जखम चिघळून नडगीचा तुकडा काढावा लागला, तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या, धडधाकट पायातलं बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून तिथं बसवलं. भेटायला आलेल्याला चहाआधी हे ऐकावंच लागे.

"नुसतं हाड ठेवून भागत न्हाय," तात्या पाय पुढं करून सांगत. "रक्ताची नळी नळीला जोडली, तवा हाड जगलं. आपल्या ठिबकवानीच हाय समदं."

डॉक्टरांनी आणखीही एक गोष्ट बजावली होती. हाड काढलेल्या पायाच्या गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, पाऊल उचलणारी नस अगदी कातडीलगत असते. मांडी घालू नका. यात ठिबकसारखं काही नसल्यानं तात्यांनी ते सोडून दिलं. त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, लक्षात ठेवलं.

हाड जुळलं, तात्या काठीनं चालू लागले आणि साखर कारखान्याच्या मोळीपूजनाचा मान यंदा या जोडप्याला मिळाला. पूजा करायची आणि गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायची! तात्या फ्लेक्सवर झळकले.

मंडपात कुणीतरी खुर्ची आणली.

"देवाम्होरं खुर्ची? लोक काय म्हणतील?"

"अवो, डाक्टरनं मांडी नको म्हणलंय," प्रयागबाई कळवळून म्हणाल्या.

"मोडल्याला पाय लांब ठिवतो की. ह्यो तर चांगला हाय."

चांगला पाय दुमडून तात्या बसले. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि बोलायला लागल्यावर थांबेनात. पायाला मुंग्या आल्या, मग त्याही गेल्या. तात्या हलले नाहीत. मान मोठा होता.

मोळी घेऊन उठले, तर पाऊल खाली लोंबलेलं. पहिल्याच पावलाला बोटं जमिनीत अडकून ते कोलमडले. फोटोवाला ओरडत होता, "तात्या, इकडं बघा!" मोळी प्रयागबाईंनी एकट्यानं टाकली.

"बसवलेलं हाड उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "नस दबलीय. पाऊल उचलेल की नाही, आत्ताच सांगता येणार नाही."

आता रोज सकाळी प्रयागबाई ते पाऊल हातात धरून म्हणतात, "उचला." तात्या दात आवळून जोर लावतात. अंगठा ढिम्म हलत नाही.

परवा शेजारचे रामभाऊ आले आणि सवयीनं म्हणाले, "तात्या, रक्त कसं जोडलं ते सांगा की."

तात्यांचे डोळे भरून आले.

"हिला इचारा," ते म्हणाले. "समदं हिनं ऐकलं हुतं."