पोवळं माहेरी आलं

आमच्या मेव्हणीच्या सासऱ्यांइतका समुद्रावर जीव असलेला माणूस अख्ख्या मिडलँड्समध्ये सापडायचा नाही. आणि ते राहतात कॉव्हेंट्रीत, जिथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लागण्याआधी सोबतचा डबा संपतो. सारा जन्म मोटारींच्या कारखान्यात गेला. पोहता येत नाही, बोटीत बसलं की मळमळतं. पण बैठकीच्या खोलीत, जिथे इतरांकडे टीव्ही असतो तिथे, त्यांनी सहा फुटी काचेच्या टाकीत समुद्र बसवला आहे आणि त्यात पोवळी वाढवली आहेत. तीही दगडी पोवळी. म्हणजे वर जिवंत मांसाचा पातळ पदर आणि आत त्याने स्वतःच हळूहळू रचलेला चुनखडीचा सांगाडा. "वर्षाला पेरभर वाढतात," काका सांगतात, "म्हणजे कौन्सिलच्या कामापेक्षा फास्टच."

हिवाळ्यात टाकी पंचवीस अंशांवर असते आणि घर सोळावर. "आपल्याला स्वेटर घालता येतो, त्यांना येत नाही," हे काकांचं कानटोपीतून आलेलं उत्तर. सेंट लावून आलेल्या पाहुण्याला चहा किचनमध्येच मिळतो. धूर पाण्यात उतरतो म्हणून अगरबत्तीला बंदी, आणि त्यामुळे देवांची रवानगी जिन्यावरच्या कपाटात झाली आहे. आमच्या मेव्हणीने नवी सून असताना टाकीची काच स्प्रे मारून पुसली होती. ती गोष्ट त्या घरात अजूनही कुजबुजतच सांगतात. काकू म्हणतात, "चाळीस वर्षं सवत नव्हती हो, रिटायर झाले आणि घेऊन आले." त्या टाकीला बोटही लावत नाहीत. लावायची परवानगीही नाही.

मी अकाउंट्समधला. दोन आकडे जुळले नाहीत तर मला जेवण जात नाही. काका मला 'हिशेबनीस' म्हणतात आणि बहुधा त्यासाठीच बोलावतात: खारटपणाचं माप आधी ते घेणार, मग मला घ्यायला लावणार, आणि दोन्ही जुळली तरच चहा. पण हिवाळ्यात चार वाजताच बाहेर अंधारून आलं, खोलीतले दिवे बंद झाले आणि टाकीचा निळा उजेड भिंतींवर हलू लागला की मीसुद्धा मोजायचं विसरतो. कपाट, खुर्च्या, काकांची टोपी, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. पोवळ्यांच्या अंगावरची बारीक तोंडं हळूहळू उघडतात, आणि आपणच कुठेतरी खोल, उबदार जागी बसून राहिलोय असं वाटू लागतं.

मागे काका-काकू पुतण्याच्या लग्नाला पुण्याला गेले असताना इथे वीज गेली आणि काकांचं सर्वांत जुनं हिरवं पोवळं पांढरं पडलं. मेलं. सांगाडा काकांनी टाकला नाही, खिडकीत ठेवला. त्या पोवळ्याचा एक तुकडा त्यांनी कधीकाळी बर्मिंगहॅमच्या एका नर्सला दिला होता. या हिवाळ्यात तिचा फोन आला: माझ्याकडे छान वाढलंय, थोडं घेऊन जा. काका आठवडाभर प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होते, "लेक माहेरी येतेय."

आणायला गाडी मी चालवली. येताना पोवळ्याचा डबा काकांच्या मांडीवर, त्याला सीटबेल्ट, हीटर पूर्ण. मी घामाने निथळत होतो. डबा हिंदकळू नये म्हणून गाडी हळू, मागून एक लॉरीवाला हॉर्न मारत होता आणि काका म्हणत होते, "मारू दे. त्याच्याकडे बटाटे असतील."

घरी आल्यावर डब्यात बारीक नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत काका स्टुलावर बसून राहिले. मग हात कोपरापर्यंत धुऊन त्यांनी तो तुकडा टाकीच्या तळाशी, अर्धवट सावलीत बसवला. "एकदम उजेडात ठेवायचं नाही. भाजते बिचारी." इतक्यात मागून काकू आल्या. खांद्यावर पदर, हातात गंगेचा गडू. तांब्याचा, काकूंच्या आईने काशीहून आणलेला, दोघांच्या शेवटच्या घोटासाठी राखून ठेवलेला. त्याचं सील तोडलेलं होतं.

"लेक म्हणालात ना? मग अशी कोरडी कशी येईल घरात?" असं म्हणत त्यांनी गडू टाकीत उपडा केला.

तांबं म्हणजे पोवळ्यांना विष, हे काकांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की गडूच्या तोंडावरचा हिरवा थर मला आधी दिसला आणि काकू नंतर. काकांचा हात वर गेला आणि तिथेच थांबला.

"अगं, तो तर आपला..."

"हो. आपल्याला लागेल तेव्हा नळाचं चालेल."

काकांनी वर गेलेला हात खाली घेऊन टॉवेलला पुसला. मग म्हणाले, "बरं केलंस."

काकू भजनाला गेल्या आणि दार लागताच काका उठले. "हिशेबनीस, गॅरेजमधले खाऱ्या पाण्याचे ड्रम काढा. आणि हिच्याजवळ एक शब्द नाही." आम्ही बादल्यांनी निम्मं पाणी बदललं, तांबं शोषणारी गाळणी लावली, फरशी पुसली. पुढे रोज काकांचा फोन यायचा. "मिटलेलीच आहे," एवढं बोलून ठेवून द्यायचे. काकूंना वाटत होतं, नवी जागा आहे, लाजत असेल.

एका रविवारी मी गेलो तेव्हा अंधारत आलं होतं. टाकीसमोरच्या स्टुलावर काकू होत्या. काका कानटोपी घालून खाली गालिच्यावर. तळाशी, सावलीत, ते पोवळं उघडलं होतं. हिरवी बारीक तोंडं पाण्याबरोबर डोलत होती.

"बघा," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गंगेचं पाणी लागलं तिला."

पाहुण्याच्या मापात एक दशांश चुकला तरी दुरुस्त करणारे काका काचेकडेच बघत होते. "लागलं खरं," ते म्हणाले.

खिडकीत पांढऱ्या सांगाड्याशेजारी रिकामा गडू ठेवलेला होता, आणि दोघांवर निळा उजेड हलत होता. हिशेब काही जुळत नव्हता. मी जुळवायला गेलो नाही, आणि त्या रात्री जेवणही मला नीट गेलं.