बाबांचा डावा कौल

बाबांच्या हृदयात तीन ब्लॉक निघाले. डॉक्टरांनी बायपासची तारीख दिली, मी बेलापूरच्या ऑफिसात साहेबांच्या हातापाया पडून रजा मंजूर करून घेतली, आणि आदल्या संध्याकाळी मी हॉस्पिटलची बॅग भरत असताना बाबा सोफ्यावरून शांतपणे म्हणाले, "आधी देवाला विचारूया."

मला वाटलं, नमस्कार करायचा असेल. म्हटलं, करा की, देव्हारा समोरच आहे. तर नाही! गावच्या देवाला विचारायचं. कौल लावायचा. म्हणजे नेरूळहून निघून पार खाली सिंधुदुर्गात जायचं, गुरवाकडून देवाला प्रश्न घालायचा, आणि देव हो म्हणाला तरच छाती उघडू द्यायची.

"बाबा, तुमची अँजिओग्राफी देवाने बघितलीय का?"

"तू काय पण बोलू नको."

झालं. तारीख पुढे गेली. हॉस्पिटलमधल्या बाईने फोनवर कारण विचारलं, तेव्हा मी "घरगुती अडचण" म्हणून मोकळी झाले. काय सांगणार होते, वरून परवानगी यायची बाकी आहे? डॉक्टरांनी बजावलं होतं, आठवड्याच्या वर थांबू नका, कधीही काहीही होऊ शकतं. आम्ही गाडीने गावाला निघालोय हे मी त्यांना सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी आधी मलाच दाखल करून घेतलं असतं. नवरा म्हणाला, "घेऊन जा ना, त्यांचं समाधान होईल." त्याला सुट्टी नव्हती. समाधान करायला मी, गाडी चालवायला मी, आणि टेन्शन घ्यायला पण मीच.

पहाटे चारला निघालो. महामार्गाबद्दल मी काही बोलणार नाही, माझं बीपी वाढतं. दर खड्ड्याला मी आरशात बाबांचं तोंड बघत होते आणि ते दर खड्ड्याला म्हणत होते, "हळू चालव गो." माणगावच्या पुढे एका हॉटेलपाशी थांबून मी बाथरूमला म्हणून पाच मिनिटं आत गेले, तर बाहेर येऊन बघते काय, जिभेखाली ठेवायची गोळी माझ्या पर्समध्ये आणि कांदाभजी बाबांच्या तोंडात. हद्द झाली! मी प्लेट हिसकावून घेतली. त्यावर तासभर आमचं बोलणं बंद.

संध्याकाळी पोहोचलो, भक्तनिवासात झोपलो, सकाळी सातला देवळात. माझ्या लहानपणी इथे दोन माणसं आणि एक कुत्रा असायचा. आता पार्किंगला शिट्टीवाला, रांगेला रेलिंग, कौलाला टोकन. आमचं टोकन तेवीस. आमच्या पुढे घणसोलीचं जोडपं, मुलीने सायन्स घ्यावं की कॉमर्स ते देवाला विचारायला आलेलं. मागे जे काका होते ते तर नेरूळचेच निघाले, आमच्या सोसायटीपासून चालत सात मिनिटांवर राहणारे. म्हणजे बारा-तेरा तास गाडी हाणून मी आले ती नवी मुंबईच्याच लायनीत उभी राहायला! बाबा मात्र खूश. सगळ्यांना शर्टाचं बटण उघडून डॉक्टर कुठून कुठे कापणार ते दाखवत होते.

आमचा नंबर आला तेव्हा साडेदहा वाजले होते. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेली एकेक पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग तो गाऱ्हाणं घालायला लागला. गाऱ्हाणं म्हणजे भक्ताची अडचण त्याने मोठ्या आवाजात देवापुढे मांडायची, आणि सभामंडपात जो कोणी असेल, ओळखीचा असो नसो, त्याने प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू मुंबैसून तुझ्या पायाकडे इलो आसा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप एका सुरात.

"डाक्टर तेच्या काळजाचा आपरेशन करूक सांगतत. करूचा की नाय, ता तू सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मग थांबायचं. पाकळ्या ढिम्म हलेनात. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी वरच्या पंख्याकडे बघत होते, तो उजवीकडे थोडा वळवता आला असता तर बरं झालं असतं. फायलीवर टिप्पणी कशी लिहिली की साहेब हो म्हणतात, हे मला पक्कं माहीत आहे. इथे माझं काही चालत नव्हतं. मी, जिने आयुष्यात कधी उपास केला नाही, ती मनात म्हणत होते, पड गं बाई, उजवी पड.

डावी पडली.

"देव नको म्हणता," गुरव म्हणाला.

"परत लावा," मी म्हटलं.

"एकदा इचारलेला परत इचारूक नाय."

मी बाबांकडे वळले. वाटलं, बिचारे खचले असतील. तर त्यांचा चेहरा असा सैल पडलेला, परीक्षा रद्द झालेल्या मुलासारखा. शर्टाचं बटण लावत ते म्हणाले, "चला. सुटलो." तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. श्रद्धा नाही न् काही नाही, हा माणूस घाबरला होता. महिनाभर मला "मला काय होतंय" म्हणत छाती पुढे काढून फिरत होता आणि आतून टरकला होता. मला एका शब्दाने सांगितलं नाही. माझं डोकंच फिरलं. मी रेलिंगच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. गुरव म्हणाला, "ओ ताई, बायकांनी गाऱ्हाणा घालूचा नसता." मी ऐकलंच नाही.

"हा माझा बाप खोटारडा आहे!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने अख्खा मंडप बोलून गेला.

"याला भीती वाटतेय, आणि तुझ्या नावावर खपवतोय!"

"व्हय म्हाराजा!" घणसोलीच्या बाईंनी तर हात जोडले होते.

"मला पण भीती वाटते! रात्री चार वेळा उठून मी याचा श्वास चालू आहे का बघते!"

"व्हय म्हाराजा," या वेळी जरा हळू.

"आई गेली तेव्हा विचारायला वेळ पण दिला नाहीस तू. आता दिलायस, तर हा असा फुकट घालवतोय!"

होकार एक-दोघांचाच आला. डोळ्यांपुढे देव धड दिसत नव्हता. पुढचं बोलायचं होतं ते गाऱ्हाण्यात बसणारं नव्हतंच.

"मला याला घरी न्यायचंय. अजून भांडायचंय मला याच्याशी. खूप वर्षं."

नेरूळचे काका खाली बघत होते. गुरव पाकळी हातात धरून उभा. मी मागे वळायची हिंमत केली नाही. मग माझ्या पाठीमागून, अगदी जवळून, बाबांचा आवाज आला, बसका, कापरा.

"व्हय म्हाराजा."